एक जूनचे मोती

आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका एक जूनला जन्मल्या आहेत. कुणाची आई पेरणीच्या घाईत बाळंत झाली होती, कुणाची दिवाळीत, आणि कुणाची नेमकी कधी ते त्या आईलाही सांगता आलं नसतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी फार चौकशी केली नाही. सगळ्यांच्या नावापुढे एक जून लिहिलं आणि मोकळे झाले. तीच तारीख पुढे आधार कार्डावर आली. माझीही तीच. त्यामुळे माझ्या मैत्रिणीचा, वत्सलाचा मुलगा प्रशांत जन्मतारखेवरून प्रत्येकीचं रत्न सांगणार असं कळलं, तेव्हाच मला हसू फुटलं होतं.

मी मालती. सुरतेच्या बमरोलीत राहते, मूळची पारोळ्याकडची. कतारगामच्या एका दागिन्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं झाली. आधी मेणाच्या साच्यात चिमट्यानं हिरे बसवायचे, आता चेकिंगच्या टेबलावर असते. तिथे परत आलेला माल माझ्याकडे येतो. परदेशातून तक्रारीची चिठ्ठी गुंडाळून जन्ममहिन्याच्या दगडांच्या अंगठ्या येतात. ऑक्टोबरवालीचा ओपल तडकला, डिसेंबरवालीचा फिरोजा हात धुवून धुवून हिरवट पडला, जूनवालीच्या मोत्याचं पापुद्र्यासारखं साल निघालं. चिठ्ठीत दरवेळी तेच असतं: काही केलं नाही, फक्त रोज घातली. अहो, रोज घातली म्हणूनच तर. धुळीत वाळूचे कण असतात. वाळूपेक्षा मऊ दगड रोज बोटात घातला की त्याचं पाणी उतरणारच. हे समजायला ज्योतिषी लागत नाही, डोळे लागतात.

वत्सला माझी जुनी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन सुरतेत आलो, दोघींचे नवरे एकाच लूमवर होते. तिचा प्रशांत बारा वर्षं हिरे घासायचा. गुजरातीत अशा कारागिरांना रत्नकलाकार म्हणतात. नाव एवढं मोठं, पण मंदी आली तेव्हा त्या कलाकारांना शेठनं दिवाळीची सुट्टी दिली आणि ती सुट्टी संपलीच नाही. दोन महिने प्रशांत घरी बसून होता. मग कुठलासा तीन दिवसांचा क्लास करून आला आणि दाराबाहेर पाटी लावली: रत्नसल्लागार.

संक्रांतीचं हळदीकुंकू वत्सलाकडे होतं. वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी दिली आणि बायका उठायच्या आत प्रशांत पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात निळ्या मखमलीचा ट्रे. ट्रेला बारा खाचा, प्रत्येक खाचेत त्या महिन्याच्या दगडाचे दोन-तीन नग. हा ट्रे मी ओळखला. अमेरिकन दुकानांसाठी आमच्या कारखान्यात असेच भरतात.

"प्रत्येक महिन्याचं एक रत्न असतं," प्रशांत म्हणाला. "ऋषिमुनींनी सांगून ठेवलंय."

"जानेवारी-फेब्रुवारी ऋषिमुनींना माहीत होते का रे?" मी विचारलं.

बायका हसल्या. प्रशांतनं ऐकू न आल्यासारखं केलं. पहिली सुवर्णा बसली होती. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते, पांडेसऱ्यात साड्यांच्या घड्या घालायला जाते.

"काकू, तुमची जन्मतारीख?"

"एक जून."

"मोती. चंद्राचं रत्न. मन शांत राहील. तुमची?"

"एक जून."

"मोती. तुमची?"

"माझीबी तीच."

पाचव्या एक जूनला मला राहवलं नाही. "प्रशांत, ट्रे कशाला आणलास? मोत्यांचं पोतंच आणायचं की."

"मालतीमावशी, तुमचीही एक जूनच ना?"

"हो. बघ ना, माझं मन किती शांत आहे."

या वेळी बायका पोट धरून हसल्या. वत्सला मात्र हसली नाही. ती दाराशी चहाचे कप भरत उभी होती. मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण एकदा सुरू झाले की माझं तोंड थांबत नाही.

"ही अंगठी घालायची कधी?" मी विचारलं.

"रोज. चोवीस तास. अंगाला लागलेली असली तरच फळते."

"म्हणजे जूनमध्ये जन्मलेल्या बाईनं भांडी घासायची नाहीत? लिंबू पिळायचं नाही? धुणं धुवायचं नाही? अरे, मोती हा दगडच नाही. शिंपल्यातल्या किड्यानं केलेला तो चुन्यासारखा पदार्थ. आंबट लागलं की विरघळतो, घाम लागला की पिवळा पडतो. आणि ही बारा महिन्यांची यादी ऋषींनी नाही, अमेरिकेतल्या दागिने विकणाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एकत्र बसून ठरवली. त्यात तू आपले ग्रह कालवलेस. धड ते नाही, धड हे नाही."

"काकू, बोलू द्या ना त्याला," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. एका क्षणापूर्वी हीच माझ्या बोलण्यावर हसली होती.

तेव्हा मी शेवटचा वार काढला. म्हटलं, हे मोती तरी खरे आहेत की काचेचे, ते बघू. ट्रेमधला एक उचलला आणि सगळ्यांसमोर दाताच्या कडेवर हलकेच घासला. खोटा मोती गुळगुळीत सरकतो. हा सरकला नाही. रव्यासारखा खरखरीत लागला. दुसरा घासला, तोही तसाच.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"खरे आहेत," मला म्हणावं लागलं.

बस्स. तेवढंच त्यांना हवं होतं. कारखान्यातल्या बाईनं खरं म्हटलं म्हणजे झालं! माझं बाकीचं बोलणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या दिवशी प्रशांतला मोत्यांच्या चौदा अंगठ्यांची ऑर्डर मिळाली, आणि ती मीच मिळवून दिली म्हणायला हरकत नाही.

शिवरात्रीपर्यंत अंगठ्या आल्या. गल्लीत जिकडे बघावं तिकडे मोती. नळावर बादली भरणाऱ्या हातात मोती, कपड्यांना ब्रश मारणाऱ्या हातात मोती, मिरच्यांचा ठेचा करणाऱ्या हातात मोती. सुवर्णा तर मुद्दाम माझ्या दारासमोर हात हलवत जायची. "काकू, बरं वाटतंय हो. परवा नवरा ओरडला, मी उलट बोललेच नाही." मी म्हटलं, "चांगलं आहे. आता त्याच्याही बोटात एखादा घाल, म्हणजे तो ओरडायचा नाही." ती फणकारून गेली.

माझी सून रूपाली घरात बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. ती हे सगळं ऐकायची आणि खाली मान घालून हसायची. तिच्या बोटात काही नव्हतं. मी मनात म्हणायचे, एक तरी शहाणी आहे, आणि ती माझ्या घरात आहे.

होळी झाली, पाडवा आला. पाडव्याला गल्लीभर तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासली गेली. त्यानंतर आठ दिवसांत सुवर्णा माझ्याकडे आली. या वेळी हात हलवत नव्हती, मूठ मिटलेली होती.

"काकू, बघा ना याला काय झालं."

मी भिंग लावलं. मोत्याची एक बाजू पार गेली होती. भिंतीचा रंग फुगून निघावा तसं साल निघून आत खडूसारखा भाग दिसत होता. बाकीचा मोती चहाच्या गाळासारखा पिवळा.

"भांडी घासलीस ना चिंचेनं?"

"घासली. सगळ्याच घासतात."

"अंगठी काढली होतीस?"

"चोवीस तास घालायची म्हणाला होता ना तो."

मी हसले. खोटं कशाला बोलू, जोरात हसले. आत रूपाली खडे चिकटवत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला. सुवर्णाचे डोळे भरून आले तरी माझं हसू थांबेना. तीन महिने मी ज्या दिवसाची वाट बघत होते तो दिवस स्वतःच्या पायानं चालत माझ्या दारात आला होता.

पण पुढे जे झालं त्यानं माझंच हसू बंद झालं. सुवर्णा माझ्याकडून उठून थेट प्रशांतकडे गेली आणि संध्याकाळी हसतमुखानं परत आली.

"तुम्हाला उगाच त्रास दिला काकू. प्रशांतनं सांगितलं. माझ्यावर मोठं संकट येणार होतं, ते मोत्यानं स्वतःवर घेतलं. म्हणून तो काळवंडला. आता नवा घ्यायचा."

"संकट? अगं, चिंच होती ती!"

"तुमचा विश्वास नाही ना, म्हणून तुम्हाला तसं वाटतं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. समजुतीच्या! जणू लहान मूल मी होते.

मी तशीच चपला घालून वत्सलाकडे गेले. प्रशांत खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता, वत्सला भाजी निवडत होती.

"काय रे," मी दारातूनच म्हटलं, "मोत्यानं संकट घेतलं काय? उद्या कुणाचं नळाचं पाणी गेलं तरी मोत्यामुळे, आलं तरी मोत्यामुळे! एकदा फसवलंस ते अज्ञानानं समजले. दुसऱ्यांदा विकतोस ती लबाडी आहे."

वत्सला उठली. रागावली की ती अहिराणीवर येते. "तू हासनी व माय. समद्या बायासमोर मना पोऱ्याले हासनी."

"चुकीचं बोलत होता म्हणून हसले."

"दोन महिने घरमा बशेल व्हता तो. जेवे ना, बोले ना. तुना कारखाना चालू व्हता. एक दिवस तरी इचारं का तू, प्रशांतले तठे काम मिळी का म्हणून?"

मी कधीच विचारलं नव्हतं. त्याचं कारणही मला ठाऊक होतं. पोराचा हात जड आहे, माझ्या शब्दावर लागला आणि माल खराब केला तर माझं नाव जाईल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे तिला सांगायचं कसं? मी भाजीच्या ताटाकडे बघत उभी राहिले.

प्रशांतच बोलला. "मावशी, मी घंटीच्या चाकावर हिरे घासले. हिऱ्याला काही होत नाही. सगळ्या दगडांना तसंच असेल असं मला वाटलं. क्लासमध्ये फक्त कुणाला काय विकायचं ते शिकवलं. अंगठ्या खराब व्हायला लागल्या तेव्हा मी घाबरलो. काय सांगायचं कळेना, म्हणून संकटाचं सांगितलं." मग हळूच म्हणाला, "काय करायला पाहिजे, ते तुम्ही सांगा ना."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर मला बरं वाटलं असतं. मी बसले आणि सांगितलं. रोजच्या अंगठीत घालायचं तर माणिक, नीलम, हिरा. ते धुळीला दाद देत नाहीत. पन्ना कठीण असतो पण त्याच्या पोटात चिरा असतात, आपटला की गेला. मोती, ओपल, मूनस्टोन, फिरोजा हे बोटातले नव्हेतच. गळ्यात घाला, कानात घाला. तिथे भांडं लागत नाही, साबण लागत नाही. अत्तर, तेल, पावडर सगळं झालं की शेवटी घालायचं आणि घरी आलं की सगळ्यात आधी काढायचं. मऊ फडक्यानं पुसून ठेवायचं. प्रशांत मोबाइलवर सगळं लिहून घेत होता. मध्येच त्यानं विचारलं, "ॲमेथिस्ट?" म्हटलं, "तो बरा. पण त्यालाही धुळीत लोळवू नको."

"आणि हे बायकांना असंच सांग," मी उठताना बजावलं. "सरळ. जसं आहे तसं."

"हो मावशी."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गल्लीत झोके बांधले होते. पोरीबाळी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, घराघरातून सांजोऱ्यांचा वास येत होता. दुपारी बायका वत्सलाच्या ओट्यावर जमल्या आणि प्रशांत पुन्हा तो ट्रे घेऊन उभा राहिला. मी लांब, माझ्या दारात बसले होते. ऐकू सगळं येत होतं.

"मागच्या वेळी सांगायचं राहिलं होतं," तो म्हणाला. "चंद्राचं रत्न बोटात घातलं की चंद्र खाली ओढला जातो. त्याची जागा कंठात. आणि ते जलतत्त्व आहे, म्हणून पाण्याला आणि अग्नीला हात लावायच्या आधी ते उतरवून ठेवायचं. उष्ट्या, आंबट हाताचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. झोपताना पांढऱ्या मऊ वस्त्रात ठेवायचं."

मी ताडकन उभी राहिले. शब्दन् शब्द माझा होता, फक्त वर गंध लावलेलं होतं. आणि बायका! संक्रांतीला मी हेच सांगत होते तेव्हा ज्यांनी तोंडं वाकडी केली, त्या आता माना डोलवत होत्या. एकीनं तर मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. चिंचेत चुना विरघळतो, हे त्यांना पटत नाही. चंद्र खाली ओढला जातो, हे लगेच पटतं. त्या चंद्राला दुसरा काही उद्योग नाही, तो बमरोलीत सुवर्णाच्या बोटाकडे बघत बसलाय!

थोड्या वेळानं सुवर्णाच माझ्याकडे आली आणि शेजारी टेकली.

"काकू, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. मोती बोटात चालत नाही, गळ्यात घालायचा असतो."

मी पदर झटकला आणि उठले.

आत गेले तर रूपाली नवी साडी नेसून आरशासमोर उभी होती. तिच्या बोटात अंगठी होती. ओपलची. पांढऱ्या दगडात हिरवी, केशरी, जांभळी ठिणगी हलत होती. तिचा जन्म जळगावच्या दवाखान्यातला, ऑक्टोबरचा. तिची तारीख खरी आहे.

"ही कधी घेतलीस?"

ती दचकली. "संक्रांतीला. योगेशनी आणून दिली." योगेश म्हणजे माझा मुलगा, हजीऱ्याला प्लँटमध्ये असतो. त्यानंही मला सांगितलं नव्हतं.

"बघू."

मी भिंग लावलं आणि दोष शोधायला लागले. तडा नाही. ओरखडा नाही. तेलाचा डाग नाही. साड्यांवर खडे चिकटवायच्या कामात थिनर हाताला लागतो. त्यानं हा दगड आठ दिवसांत धुरकट व्हायला हवा होता. पण तो कारखान्यातून निघावा तसा कोरा होता.

"इतका चांगला कसा राहिला?"

रूपालीनं मान खाली घातली. "घालतच नव्हते. तुम्ही हसाल म्हणून कापसात गुंडाळून डबीत ठेवली होती. तुम्ही कामावर गेलात की कधीतरी पाच मिनिटं घालून बघायचे, आणि परत ठेवायचे. त्या दिवशी सुवर्णाताईंना तुम्ही किती हसलात. आज सण आहे म्हणून म्हटलं, जे होईल ते होईल."

एकोणीस वर्षं मी लोकांना सांगतेय, असे दगड जपून वापरा. कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते एकटीनं, आणि तेही माझं ज्ञान पटून नाही, माझ्या तोंडाला भिऊन. तीन महिने मी तिला शहाणी समजत होते, आणि ती बिचारी मी घराबाहेर जायची वाट बघत होती. तरी तोंडातून निघालं ते असं: "ओपल उन्हात तापवू नकोस. संध्याकाळी काढून ठेव."

"हो आई."

"आणि मी घरी असतानाही घालत जा," मी म्हटलं. "सणावारी. रोज नाही."

ती हसली. मग झोक्याकडे पळाली.

आखाजी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी वत्सला आली. पाडव्याच्या त्या भांडणानंतर आम्ही बोललो नव्हतो. तिनं पदराखालून पिशवी काढली आणि माझ्या पुढ्यात ओतली. गल्लीतल्या मोत्यांच्या अंगठ्या. त्यांचे मोती काढून गळ्यातल्या लोलकांत बसवायचे होते.

"प्रशांतनं दोन करून बघितले," ती म्हणाली. "एक फुटला."

मोत्याला खालून अर्धं भोक असतं, त्यात बारीक कांडी चिकटवलेली असते. ती जोर लावून ओढली की मोती फुटतो, आधी जुना चिकटा सैल करावा लागतो. जड हाताचं हे काम नव्हे. मी चिमटा आणला, खिडकीशी पाट मांडला आणि बसले. सुवर्णाच्या खराब मोत्याची गेलेली बाजू मागे घालून चांगली बाजू पुढे घेतली. लोलकात ते दिसत नाही. रूपालीनं दोघींना चहा आणून दिला. चार मोती झाले, पाच झाले. वत्सला शेजारी बसून बघत होती.

"पुढच्या महिन्यात आमच्याकडे माणसं घेणार आहेत," मी वर न बघता म्हटलं. "चिमटा धरायला शिकायचं असेल तर प्रशांतला रविवारी माझ्याकडे पाठव. पण गंध पुसून यायचं."

वत्सलानं चहाचा घोट घेतला.

"तुले पटत नही ना हाई चंद्राचं?" तिनं विचारलं.

"नही."

"मंग कसाले करी ऱ्हायनी?"

"दुसऱ्या कुणी केलं तर वाकडं बसवील," मी म्हटलं आणि सहावा मोती उचलला.